फिरती मारेकरी पथके

हिटलरने ज्यूंचा संहार केला म्हटले, की विषारी वायूच्या छावण्या डोळ्यांपुढे येतात. पण मंडळी, मोठ्या प्रमाणावरची ही कत्तल सुरू झाली ती गावाबाहेरच्या घळीत, रानात, खणलेल्या खड्ड्यांपाशी. तिथे माणसांना आगगाडीने दूर न्यावे लागले नाही. मारेकरीच दारात आले.

ज्यू आपल्याला अगदीच परके नाहीत. कोकणात तेलाचे घाणे चालवणारे आणि शनिवारी ते बंद ठेवणारे ‘शनवार तेली’ त्याच धर्माचे. युरोपातले त्यांचे धर्मबंधूही असेच शिंपी, सुतार, दुकानदार, मास्तर.

२२ जून १९४१ रोजी जर्मनीने रशियावर स्वारी केली. फौजेच्या पाठोपाठ चार पथके निघाली. चारही मिळून माणसे सुमारे ३,०००. मग एवढ्याशा माणसांनी हे केले कसे? पोलिसांच्या पलटणी आणि लष्कर त्यांच्या मदतीला होते, हे एक. दुसरे जास्त बोचते. जागोजागी स्थानिक मदतनीस मिळाले. अमुक घर ज्यूचे, हे परमुलखातल्या शिपायाला काय ठाऊक? ते दाखवायला शेजारीच लागतो. या सर्वांनी मिळून गोळ्या घालून मारलेले ज्यू किमान पंधरा लाख. जिप्सी, वेड्यांच्या इस्पितळातले रोगी, कम्युनिस्ट अधिकारी हेही सुटले नाहीत.

कीव शहरात भिंतींवर जाहीरनामा लागला: ज्यूंनी सोमवारी, २९ सप्टेंबरला सकाळी आठ वाजता कागदपत्रे, पैसे आणि गरम कपडे घेऊन हजर व्हावे. गरम कपडे म्हणजे दुसरीकडे वसवणार, असेच कुणालाही वाटेल, नाही का? त्यांना बाबी यार नावाच्या घळीकडे नेले. दोन दिवसांत ३३,७७१ जीव गेले. एक अख्खे गाव म्हणा ना!

हा आकडा मारणाऱ्यांनीच लिहून ठेवला आहे. लिथुआनियातल्या तुकडीचा प्रमुख कार्ल येगर याने १ डिसेंबर १९४१ रोजी तारीखवार, गाववार तक्ता वर पाठवला. पुरुष, बायका, मुले वेगवेगळी मोजलेली. बेरीज १,३७,३४६. वाणी वहीत माल मांडतो, तशी.

हे लिहिणारे अडाणी गुंड असतील, असे शिक्षकमंडळींना वाटत असेल तर तसे नाही. पथकप्रमुख ओटो राश याच्या दोन डॉक्टरेट होत्या. एक अधिकारी पूर्वीचा धर्मोपदेशक. कायदा आणि अर्थशास्त्र शिकलेल्या ओटो ओलेनडॉर्फने १९४६ साली न्यायालयात शांतपणे सांगितले, की त्याच्या पथकाने वर्षभरात ९०,००० माणसे मारली. पदवी कुणाच्या आड आली नाही. आम्हा शिकवणाऱ्यांना हे वाचताना मान खाली घालावी लागते.

न्युरेंबर्गला १९४७-४८ साली या अधिकाऱ्यांवर खटला चालला. २७ वर्षांचा वकील बेंजामिन फेरेन्झ याने पथकांचे अहवालच पुढे ठेवले आणि दोन दिवसांत आपली बाजू पुरी केली. २२ आरोपी दोषी ठरले; १४ जणांना फाशी सुनावली. प्रत्यक्षात ७ जून १९५१ रोजी चौघेच फासावर गेले. बाकीच्यांच्या शिक्षा कमी होत गेल्या आणि १९५८ साली त्यांच्यातले शेवटचे कैदी तुरुंगातून घरी गेले.