धोका वेगळा, जोखीम वेगळी



संशोधन आराखडा लिहिताना बरेच जण "खेळातील धोके व जोखीम" असं एका दमात लिहून टाकतात. मुलाखतीत "दोन्हींत फरक काय?" असं विचारलं की गाडी अडते. म्हणून आज आपल्या कड्याचंच उदाहरण घेऊ.

पहाटे नगरकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेनं पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं-पोरी पळतात. शेजारून भरधाव ट्रक जातो. हा ट्रक म्हणजे धोका, म्हणजे इजा करू शकणारी गोष्ट. इजा होण्याची शक्यता किती आणि झालीच तर ती किती गंभीर, हा अंदाज म्हणजे जोखीम. हीच पोरं मैदानात पळाली तर ट्रक तोच राहतो, पण त्याची जोखीम जवळपास संपते.

धोके कुठे शोधायचे?
१. जागा: खड्डे, वाहनं, अंधार
२. हवामान: ऊन, दमटपणा
३. व्यक्ती: जुनं दुखणं, ताप, उपाशी पोट
४. कृती: वॉर्मअप टाळणं, एकदम अंतर वाढवणं

आपण बहुतेक वेळा पहिल्यावरच थांबतो. जून २०१४ मध्ये मुंबईच्या पोलीस भरतीत ५ किलोमीटर धावण्याच्या चाचणीनंतर काही उमेदवार दगावले. त्यात कुणी वाहनाखाली आलं नव्हतं. पुढे अंतर कमी झालं. आता पुरुषांना १६०० आणि महिलांना ८०० मीटर धावावं लागतं.

जोखीम कशी मोजायची?
शक्यतेला १ ते ५ आणि गांभीर्याला १ ते ५ गुण देऊन गुणाकार करतात. पण इथे एक फसगत आहे. पायाला फोड येणं: ५ × १ = ५. क्वचित होणारा मृत्यू: १ × ५ = ५. दोन्ही सारखे कसे? हे आकडे फक्त क्रम सांगतात, किलो-मीटरसारखं माप नाही. म्हणून गांभीर्य ५ असेल तर गुणाकार कितीही येवो, उपाय आधी करायचा.

उपायांनाही क्रम आहे. आधी धोका टाळा (रस्ता सोडून मैदान), मग नियोजन बदला (वेळ, पाणी, विश्रांती), चमकणारं जॅकेट सगळ्यात शेवटी. त्यानंतर पुन्हा गुण द्या आणि उरलेली जोखीम लिहून ठेवा.

आराखडा लिहिण्याआधी एकदा वही घेऊन पहाटे त्या रस्त्यावर उभे राहा. आणि तिथे आपलाच कुणी भाऊ-बहीण पळत असेल, तर त्याला आधी मैदानात न्या. तक्ता नंतर भरता येईल.