लाइट गेल्यावरचा कार्यक्रम

आमच्या सेनगाव तालुक्यातल्या एखाद्या गावात शेतकऱ्यांचं प्रशिक्षण ठरलं, की माझा पहिला फोन वक्त्याला नसतो, गावच्या वायरमनला असतो. डीपी बरी आहे का, एखादा फेज गेलाय का, आणि "भाऊ, या आठवड्यात शेतीची लाइट दिवसाची हाय का रातची?" रब्बीत हा शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. लाइट गेली तर माणसं गप्पा मारत बसून राहतात. थ्री फेज आली, की मात्र हरभऱ्याला पाणी द्यायला एकेक जण उठतो आणि सभामंडप बघता बघता रिकामा होतो. पाळी आधी कळली, तर कार्यक्रमाची वेळ त्या बेतानं धरता येते.

काय काय बिघडेल याची यादी करायला बसलं तर ती संपत नाही. म्हणून मी दुसरीच यादी करतो: बिघडल्यावर काय चालू ठेवायचं? ही यादी छोटी असते आणि तीच वेळेला कामी येते.

खरिपाआधीचं सोयाबीन बियाण्याचं शिबिर घ्या. पडद्यावर दाखवायला व्हिडिओ असतो, तक्ते असतात. पण घरच्या बियाण्याची उगवण तपासायला विजेची गरजच नाही. ओलं गोणपाट, त्यावर दहा-दहाच्या ओळीत शंभर दाणे, गुंडाळी करून सावलीत ठेवायची आणि ओल टिकवायची. आठवड्याभरात मोजलं आणि सत्तर किंवा जास्त उगवले, तर एकरी 30 किलोचं नेहमीचं प्रमाण चालतं. कमी उगवले तर त्या मानानं बियाणं वाढवायचं. अशी एक गुंडाळी मी आठ दिवस आधीच करून ठेवतो. प्रोजेक्टर बंद पडला, की ती लोकांसमोर उलगडायची आणि मोजायला त्यांनाच बसवायचं. पर्याय ऐन वेळी सुचत नसतो. त्याचीही तयारी आठ दिवस आधीच लागते.

आता नेहमीच्या दुखण्यांकडे येऊ. माइक शिट्टी मारतो, तेव्हा सगळे मशीनवाल्यावर ओरडतात. खरं कारण बहुतेक वेळा जागेचं असतं. स्पीकरचा आवाज माइकमध्ये शिरतो, मशीन तो वाढवून पुन्हा स्पीकरला देतं, आणि हे चक्र क्षणात शिगेला पोहोचतं. पत्र्याच्या सभामंडपात आवाज परतून येतो, त्यामुळे तिथं जास्तच. स्पीकर पुढं, माइक त्याच्या मागं ठेवा. बोलणाऱ्यानं माइक तोंडाजवळ धरावा, त्याची जाळी मुठीत पकडू नये, आणि मशीनचा आवाज थोडा कमी ठेवावा. एवढ्यानं बरंच निभावतं.

विजेचा हिशेबही अवघड नाही. प्रोजेक्टर साधारण 250 ते 300 वॅट घेतो, छताचा पंखा 75 च्या आसपास. भिंतीतला लहान सॉकेट 6 अँपिअरचा असतो. 230 व्होल्टवर तो जास्तीत जास्त 1380 वॅट सोसतो. त्याच एक्स्टेंशन बोर्डावर कुणी चहासाठी 1500 वॅटची किटली लावली, तर सगळंच बसणार. म्हणून बोर्डाजवळ एक माणूस नेमावा आणि त्याला विचारल्याशिवाय कुणी पिन खोचू नये. पावसाळ्यात वायरीचे जोड ओल्या जमिनीवर पडू देऊ नयेत. जनरेटर उघड्यावर, माणसांपासून लांब ठेवावा. त्याच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, त्यामुळे बंद खोलीत तो जीव घेतो.

मराठीतून बोलणाऱ्यांचं एक खास दुखणं आहे. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टात केलेलं सादरीकरण दुसऱ्याच्या लॅपटॉपवर उघडलं, की अक्षरांच्या जागी भलतीच चिन्हं उमटतात. उपाय सोपा आहे: युनिकोडमध्ये लिहा आणि सोबत पीडीएफ ठेवा. व्हिडिओ मोबाइलच्या रेंजवर सोडू नका, उतरवून घ्या. परभणीच्या कृषी विद्यापीठातले तज्ज्ञ ऑनलाइन बोलणार असतील, तर साधा फोन माइकसमोर धरायची तयारीही असू द्या. चेहरा दिसला नाही तरी चालतं, उत्तर ऐकू आलं पाहिजे.

जादा प्रत ठेवली म्हणून निश्चिंत होऊ नये. 26 फेब्रुवारी 2017 च्या ऑस्कर सोहळ्यात रंगमंचाच्या दोन्ही बाजूंना निकालाच्या पाकिटांचा एकेक पूर्ण संच होता. म्हणजे खबरदारी घेतलेली होती. तरी सर्वोत्कृष्ट चित्रपटाच्या वेळी अभिनेत्रीच्या पुरस्काराचं दुसरं पाकीट निकाल जाहीर करायला आलेल्या वॉरन बेटींच्या हातात गेलं आणि 'मूनलाइट'ऐवजी 'ला ला लँड'चं नाव पुकारलं गेलं. माझ्या पेनड्राइव्हवर म्हणूनच प्रत्येक फाइलची एकच आवृत्ती असते. जुन्या आवृत्त्या घरच्या संगणकात.

बंद पडल्यानंतरची पहिली पाच मिनिटं कशी काढावीत, हे आमच्याकडं सप्ताहात शिकावं. कीर्तनात माइक गेला, तर टाळकरी गजर धरतात, पखवाज चालू राहतो आणि माइकवाला तेवढ्यात वायर तपासतो. कुणी घाबरत नाही, कारण प्रत्येकाचं काम ठरलेलं असतं. प्रशिक्षणातही तसंच करावं. मशीनला एकानंच हात लावायचा. बोलणाऱ्यानं लोकांकडं पाठ करून लॅपटॉपवर वाकायचं नाही, त्यानं प्रश्न घ्यायचे. पाच मिनिटांत जमलं नाही, तर पडदा सोडून द्यायचा आणि तसं लोकांना स्पष्ट सांगायचं. "दोनच मिनिटं थांबा" असं चार वेळा ऐकलेली मंडळी नंतर खरं बोलणंही ऐकत नाहीत.

मोठ्या आवाजाचा कार्यक्रम असेल, तर परवानगी आणि घड्याळ दोन्ही बघा. ध्वनिप्रदूषणाच्या 2000 सालच्या नियमांप्रमाणे रात्री 10 ते सकाळी 6 लाउडस्पीकर बंद असतो. सूट मोजक्याच दिवसांना मिळते. दिवसभराची खोळंबलेली वेळ रात्री भरून काढता येत नाही.

आणि कार्यक्रम संपला, की सगळं सामान घाईनं एका पिशवीत कोंबू नका. जी वायर हलवली की आवाज तुटत होता, तिला तिथंच गाठ मारा आणि दुरुस्तीच्या पिशवीत वेगळी टाका. ही वायर पुढच्या गावात पुन्हा बिघडली, तर त्याला अडचण म्हणता येणार नाही, तो हलगर्जीपणा झाला.