पँगाँगचे तळे आणि परतीची वाट

परभणी समुद्रसपाटीपासून चारशे मीटरच्या आसपास. आम्हाला उंचीचा जो काही परिचय, तो जिंतूरजवळच्या नेमगिरीचा. त्यामुळे मागील जूनमध्ये लडाखचे पँगाँग सरोवर पाहण्याचे ठरले, तेव्हा बाहत्तर वर्षांचे माझे थोरले बंधू म्हणाले, "नेमगिरी मी दरवर्षी चढतो. मला काय होणार?" दादांची उभी हयात मोंढ्यात गेली. त्यांचा अंदाज सहसा चुकत नाही. या वेळी चुकला.

लेह सुमारे ३,५०० मीटर उंचीवर आहे. दिल्लीहून विमान दीड तासात तेथे पोहोचते. शरीराला मात्र इतक्या लवकर ती उंची मानवत नाही. हवेतील प्राणवायूचे प्रमाण तेच असले, तरी दाब कमी असल्याने प्रत्येक श्वासागणिक तो कमी मिळतो. म्हणून पहिले दोन दिवस विश्रांती घ्यावी, असे सांगितले जाते. आम्ही दुसऱ्याच सकाळी निघालो, कारण तळ्याकाठच्या तंबूंचे पैसे आगाऊ भरले होते.

वाटेत ५,३०० मीटरहून उंच अशी चांग ला खिंड लागते. तळे तिच्या पलीकडे, सुमारे ४,२५० मीटरवर. सक्ती गाव मागे पडले आणि दादांचे डोके ठणकू लागले. पाठोपाठ उलटी झाली. लडाखी चालकाने गाडी थांबवली. "तळ्यावर रात्री त्रास वाढला, तर लेहला येण्यासाठी हीच खिंड पुन्हा चढावी लागेल," तो शांतपणे म्हणाला.

बँकेत कर्जप्रकरण तपासताना मी प्रथम परतफेडीची सोय पाहत असे. येथे परतीची वाटच पाहिली नव्हती. तंबूंचे पैसे बुडतील, असे चिरंजीव पुटपुटले. दादाच म्हणाले, "बुडू दे. गाडी वळवा."

लेहमध्ये डॉक्टरांनी औषध व विश्रांती सांगितली आणि विचारले, "दिवसाकाठी पाणी किती पिता?" दादांना सूर्यास्तानंतर पाण्याचाही त्याग. त्यात वाटेत गाडी थांबवावी लागू नये, म्हणून दिवसाही ते घोटभरच पीत होते. तेथील कोरड्या हवेत शरीरातील पाणी लवकर कमी होते. नियम मोडण्याचे कारण नव्हते. दिवसा पुरेसे पाणी पिणे एवढेच हवे होते. आपल्याकडील व्रतस्थ वडीलधाऱ्यांनी हे अवश्य ध्यानात ठेवावे. रक्तदाब वा हृदयविकार असल्यास घरून निघण्यापूर्वीच वैद्यकीय सल्ला घ्यावा. तळ्याच्या उंचीवर पाणी सुमारे ८६ अंशांनाच उकळते. डाळ शिजण्यास कुकर लागतोच.

पाचव्या दिवशी दादांना बरे वाटत होते. तरी ते व वहिनी आपणहून लेहमध्ये थांबले. "तुम्ही पाहून या आणि मला नीट सांगा," ते म्हणाले. आम्ही पहाटे निघालो.

उघड्याबोडक्या तपकिरी डोंगरांमध्ये एकाएकी निळी रेघ दिसली आणि गाडीतील बोलणे थांबले. सरोवराची लांबी सुमारे १३४ किलोमीटर, म्हणजे परभणी ते नांदेड अंतराच्या जवळजवळ दुप्पट. त्यापैकी सुमारे एक तृतीयांश भाग भारताकडे, उरलेला तिबेटच्या बाजूला. ढग सरकला की पाणी निळ्याचे हिरवे होई. हिवाळ्यात हेच पाणी गोठून जाते. काठावर चक्रवाकांची जोडी होती. हा पक्षी थंडीत आपल्या जायकवाडीच्या नाथसागरावर उतरतो. परमुलखात गाववाला भेटावा, तसे वाटले. तासभर थांबून आम्ही परतलो.

दिवस मावळण्याआधी लेह गाठले. दादा वाटच पाहत होते.

"पाणी गोड की खारट?"

"मचूळ. ओढ्यानाल्यांचे पाणी आत येते, पण बाहेर जाणारी नदी नाही. क्षार तेथेच साठत गेले."

दादा क्षणभर थांबले. "म्हणजे आवक आहे, जावक नाही. मग खारट होणारच!"

आणि सूर्यास्तापूर्वीच्या भोजनासाठी ते उठले.