मुलीच्या शाळेची वाट



स्त्रीशिक्षण इष्ट की अनिष्ट, हा वाद आता उरलेला नाही. १८४८ साली जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात भिडे यांच्या वाड्यात मुलींची शाळा काढली, तेव्हा तो पेटला होता. आज आमच्या औसा तालुक्यातील निरक्षर माताही 'पोरीला शिकवा, मास्तर' असे म्हणते. तरीही पोर मध्येच शाळेतून गळते. असे का व्हावे?

प्रथम आकडे पाहू. महाराष्ट्रात २००१ च्या शिरगणतीत पुरुषांमध्ये साक्षरतेचे प्रमाण शेकडा ८६ व स्त्रियांमध्ये ६७ होते. २०११ साली ते अनुक्रमे ८८ व ७६ झाले. म्हणजे १९ चे अंतर १२ वर आले. ही प्रगती खरीच. परंतु शिरगणती सात वर्षे व त्यावरील सर्वांची साक्षरता मोजते, हे ध्यानी ठेवावे. ज्या आजीच्या हाती बालपणी पाटी आली नाही, ती सत्तराव्या वर्षीही या अंतरात मोजली जाते. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ साली प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे केले. आमचा मराठवाडा मात्र १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. शाळा विरळ आणि वरचे शिक्षण बहुतांशी उर्दूतून. तेथे मुलांचीच वाट बिकट, मग मुलींची कथा काय! ते जुने ऋण आपण अद्याप फेडीत आहोत.

नवे ऋण मात्र वाढू देता कामा नये. २००९ च्या कायद्याने सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक बालकास शिक्षणाचा हक्क दिला. तथापि अनेक गावांची शाळा चौथीला किंवा सातवीला संपते. पुढे मुलगा सायकलीवर निघतो. मुलीचे आईबाप केवळ अंतर मोजीत नाहीत, सायंकाळची एस. टी. वेळेवर येईल काय आणि फाट्यापासून घरापर्यंत सोबत कोणाची, हे मोजतात. त्यातच धाकटी भावंडे सांभाळण्यास किंवा ऊसतोडीच्या हंगामात बिऱ्हाडाबरोबर जाण्यास तिचीच निवड होते. शाळा सुटली की लग्नाची बोलणी लवकरच सुरू होतात.

ग्रामीण मुलींसाठी एस. टी.चा मोफत पास आहे. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी गावीच हंगामी वसतिगृहे निघतात. या योजना उपयुक्त होत. परंतु गाडी शाळेच्या वेळेस नसेल तर पास दप्तरातच राहतो. माझ्या नोकरीच्या काळात एका गावच्या मुली सातवीनंतर घरी बसू लागल्या. तेव्हा त्यांच्या मातांनी पाळ्या लावल्या. रोज सायंकाळी एक माता कंदील घेऊन फाट्यावर उभी राहू लागली. खर्च काहीच नव्हता. मुली मात्र दहावीपर्यंत गेल्या.

शहरातील श्रोत्यांनी हा प्रश्न दूरच्या खेड्याचा समजू नये. आपल्या घरी भांडी घासणाऱ्या बाईंबरोबर एखादी दहा-बारा वर्षांची मुलगी मदतीस येत असेल. चौदा वर्षांखालील मुलीस घरकामास ठेवणे हा गुन्हा आहे, एवढे सांगून थांबू नये. ती कोणत्या इयत्तेत आहे व शाळा का चुकली, हे तिच्या आईस आदराने विचारावे. कदाचित तिला केवळ शाळेपर्यंतची सोबतच हवी असेल.