टास्कोसा : एका बेचिराख गावाचा इतिहास

आपल्याकडील महसुली दप्तरांत वस्ती उठलेल्या गावाला 'बेचिराख' म्हणतात. मूळ फार्सी शब्दाचा अर्थ 'दिवा नसलेले'. अशा गावांचा विचार करताना दुष्काळ, रोगराई वा पूर ही कारणे प्रथम सुचतात. परंतु गाव ज्या उत्पादनपद्धतीवर उभे असते तीच लोप पावली, तर कोणत्याही आपत्तीवाचून ते ओस पडू शकते. अमेरिकेतील टेक्सास राज्याच्या उत्तर भागातील टास्कोसा हे याचे बोलके उदाहरण होय.

१८७४–७५ च्या युद्धानंतर कोमांची, कायोवा आदी जमातींना या प्रदेशातून हुसकावून राखीव क्षेत्रांत कोंडण्यात आले. रिकाम्या झालेल्या माळरानावर १८७६ साली न्यू मेक्सिकोतून कासिमिरो रोमेरो हा मेंढपाळ आपल्या लोकांसह आला आणि कॅनेडियन नदीच्या काठी वस्ती झाली. पाठोपाठ मोठे गोपालक आले. त्यांची गुरे कुंपणाविना शेकडो मैल चरत. या मुक्त चराईला एका मध्यवर्ती पेठेची गरज होती. ती टास्कोसाने भागविली. डॉज सिटीहून दोनशेहून अधिक मैल गाड्यांनी माल येई. गुराख्यांचा पगार येथील दुकानांत व मद्यगृहांत खर्च होई. १८८० साली गाव ओल्डहॅम परगण्याचे मुख्य ठाणे झाले.

मात्र या व्यवस्थेचा पाया लवकरच ढासळू लागला. जोसेफ ग्लिडनने १८७४ साली पेटंट घेतलेल्या काटेरी तारेने झाडोऱ्याविना उजाड माळही बंदिस्त करणे शक्य झाले. ऑस्टिन येथील विधानभवनाच्या बांधकामाच्या मोबदल्यात राज्याने तीस लक्ष एकर जमीन एका भांडवलदार मंडळीस दिली. 'एक्स आय टी' नावाच्या त्या कुरणाला १८८५ पासून कुंपण पडू लागले. बड्या मालकांनी जमिनी घेतल्यामुळे बहुतेक मेंढपाळ कालांतराने न्यू मेक्सिकोत परतले. गुराख्यांचीही स्थिती पालटली. स्वतःची चार गुरे बाळगून पुढे स्वतंत्र होण्याची जी वाट पूर्वी होती, ती मालकांनी बंद केली. १८८३ साली त्यांनी वेतनवाढीसाठी संप केला, तो फसला. गावाचे गिऱ्हाईक अशा रीतीने आटत गेले.

१८८७ साली लोहमार्ग आला, तोही नदीच्या पलीकडून. व्यापार त्याच वर्षी वसलेल्या अमरिलोकडे वळला. १८९३ च्या पुराने घरे व पूल वाहून नेले. स्थानिक आठवणींत गावाचा घात पुराने केला असे येते. परंतु बाजारपेठ शाबूत असती तर पूल पुन्हा बांधला गेला असता. पुराने ऱ्हास केला नाही, तो उघड केला, असेच म्हणावे लागते. १९१५ साली परगण्याचे ठाणेही वेगा येथे हलविण्यात आले.

पुढे अनेक वर्षे गावात फ्रेंची मॅक्कॉर्मिक ही वृद्धाच काय ती उरली. १९१२ साली निवर्तलेल्या पतीच्या थडग्याजवळून हलण्यास ती तयार नव्हती. १९३९ साली वार्धक्यामुळे तिने गाव सोडले. त्याच वर्षी जुन्या न्यायालयाच्या इमारतीत कॅल फार्ले यांनी निराधार मुलांसाठी वसतिगृह सुरू केले. दिवा पुन्हा लागला. पण ज्या बाजारपेठेमुळे टास्कोसा हे नाव निर्माण झाले होते, ती परतली नाही. म्हणूनच बेचिराख गावांचा अभ्यास करताना 'लोक का गेले' या प्रश्नाआधी 'लोक तेथे कशासाठी राहत होते' हा प्रश्न विचारणे अधिक फलदायी ठरते.