बर्मिंगहॅमची मुले : शाळेच्या बाकावरून तुरुंगात

अमेरिकेच्या अलाबामा राज्यातील बर्मिंगहॅम हे १८७१ मध्ये वसलेले लोखंड-पोलादाचे शहर वर्णविभाजनाचा, म्हणजे गोऱ्या आणि काळ्या नागरिकांना कायद्यानेच अलग ठेवणाऱ्या व्यवस्थेचा, कडवा बालेकिल्ला होते. दोन्ही वर्णांच्या माणसांनी एकत्र बसून पत्ते, फासे किंवा डॉमिनो खेळणे हा तेथील नगरसंहितेत गुन्हा ठरवलेला होता, आणि दोघांनाही जेवण देणाऱ्या उपाहारगृहात सात फूट उंचीची भरीव भिंत आणि रस्त्यावरून स्वतंत्र दारे असणे बंधनकारक होते. उद्याने सर्वांना खुली करा, असा आदेश न्यायालयाने दिला, तेव्हा १९६२ च्या आरंभी नगरप्रशासनाने उद्याने, क्रीडांगणे आणि पोहण्याचे तलावच बंद करून टाकले. काळ्या मुलाने झोपाळ्यावर बसण्यापेक्षा कोणत्याच मुलाने बसू नये, हे त्या प्रशासनाला अधिक पसंत होते.

मुलांना ही व्यवस्था कलमांतून कळली नाही. दक्षिणेत वाढलेल्या त्या पिढीच्या आठवणींत जोड्यांच्या खरेदीचा प्रसंग वारंवार येतो: काळ्या ग्राहकाने जोडा पायात घालून पाहणे अनेक दुकानांना मंजूर नसल्यामुळे आई घरी कागदावर मुलाचे पाऊल ठेवून पेन्सिलीने त्याची कड आखून घेई आणि तो कागद दुकानात नेई, जोडा चावला तरी परत करण्याची सोय नसे. पुढे कार्यकर्त्या म्हणून गाजलेल्या ॲन्जेला डेव्हिस बर्मिंगहॅमच्या ज्या वस्तीत वाढल्या, तिला तेथील काळ्या कुटुंबांच्या घरांवर होणाऱ्या स्फोटांमुळे ‘डायनामाइट हिल’ असे नाव पडले होते.

एप्रिल १९६३ मध्ये नागरी हक्क चळवळीचे नेते मार्टिन ल्यूथर किंग आणि फ्रेड शटल्सवर्थ यांच्या नेतृत्वाखाली या व्यवस्थेविरुद्ध सत्याग्रह सुरू झाला, परंतु अटक म्हणजे नोकरी गमावणे, हे ठाऊक असलेली प्रौढ मंडळी पुरेशा संख्येने पुढे येईनात. मुलांना नोकरी नव्हती. म्हणून त्यांनाच उतरवावे, ही कल्पना किंग यांचे सहकारी जेम्स बेव्हल यांची होती. बेव्हल यांनी अहिंसक प्रतिकाराचे शिक्षण ज्यांच्याकडे घेतले, ते जेम्स लॉसन १९५३ ते १९५६ या काळात नागपूरच्या हिस्लॉप महाविद्यालयात होते आणि तेथे त्यांनी गांधींच्या मार्गाचा अभ्यास केला होता, हा धागा मराठी वाचकाने आवर्जून लक्षात ठेवावा.

२ मे रोजी शेकडो मुले वर्ग सोडून सोळाव्या रस्त्यावरील बाप्टिस्ट चर्चमध्ये जमली आणि तुकड्यातुकड्यांनी, गात गात, बाहेर पडली. पोलिसांनी त्यांना अटक केली आणि कोठड्या इतक्या भरल्या की जत्रेच्या मैदानावरही मुलांना डांबावे लागले. ऑड्री फे हेंड्रिक्स ही नऊ वर्षांची मुलगी सात दिवस कैदेत होती. बारा वर्षांचा फ्रीमन ऱ्हबॉव्स्की, जो पुढे मेरीलँडमधील एका विद्यापीठाचा अध्यक्ष झाला, पाच दिवस. ३ मे रोजी शहराच्या सार्वजनिक सुरक्षेचे आयुक्त ‘बुल’ कॉनर यांनी पोलिसी कुत्रे आणि अग्निशामक दलाचे पाण्याचे झोत मुलांवर सोडले. चौदा वर्षांच्या कॅरोलिन मॅककिन्स्ट्री यांचा स्वेटर त्या झोताने फाटला आणि डोक्याच्या एका बाजूचे केस उपटले गेले.

१० मे रोजी झालेल्या समझोत्यात दुकानांतील खाद्यपदार्थांची काउंटरे आणि पाण्याचे नळ यांच्याबरोबरच कपडे घालून पाहण्याच्या खोल्याही सर्वांना खुल्या करण्याचे कलम होते. पाऊल आखलेल्या कागदाची आठवण ठेवली, म्हणजे त्या कलमाचे मोल कळते. दहाच दिवसांनी शिक्षण मंडळाने सत्याग्रहात उतरल्याबद्दल १,०८१ विद्यार्थ्यांना शाळेतून काढले वा निलंबित केले. तो निर्णय न्यायालयाने दोन दिवसांत रोखला.

१५ सप्टेंबरच्या रविवारी मॅककिन्स्ट्री त्याच चर्चच्या कार्यालयात होत्या. फोन वाजला, पलीकडच्या पुरुषाने तीन मिनिटे एवढेच सांगून तो ठेवला. क्षणभरात झालेल्या स्फोटात ॲडी मे कॉलिन्स, सिंथिया वेस्ली, कॅरोल रॉबर्टसन आणि अकरा वर्षांची डेनिस मॅकनेअर या चार मुली ठार झाल्या. या स्फोटाच्या प्रकरणातील शेवटच्या आरोपीला शिक्षा झाली ती २००२ मध्ये.