प्रतिकृती रेल्वे

खऱ्या रेल्वेची एंजिने, डबे, रूळमार्ग, स्थानके व भोवतालचा परिसर यांच्या ठराविक प्रमाणात लहान केलेल्या प्रतिकृतींची मांडणी करून तीवर गाड्या चालविण्याचा छंद. आगगाडीचे खेळणे व प्रतिकृती रेल्वे यांतील मुख्य फरक प्रमाणबद्धतेचा आहे. खेळण्यात गाडी फिरली म्हणजे हेतू साध्य होतो. प्रतिकृती रेल्वेत प्रत्येक वस्तू एकाच प्रमाणात असावी आणि गाडीच्या हालचालीला खऱ्या रेल्वेप्रमाणे काही प्रयोजन असावे, अशी अपेक्षा असते. तथापि डबे व एंजिने लहान करता आली, तरी अंतर व वेळ ही त्याच प्रमाणात घराच्या खोलीत बसत नाहीत. या अडचणीतून मार्ग काढणे हाच या छंदाचा गाभा होय.

इतिहास : रेल्वेची पत्र्याची व लाकडी खेळणी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धापासून तयार होत होती, परंतु त्यांची मापे परस्परांशी जुळत नसत. जर्मनीतील ग्यॉपिंगेन येथील मेर्कलीन या कंपनीने १८९१ साली लाइपसिक येथील जत्रेत किल्लीवर चालणारी गाडी व तिच्यासाठी जोडता येणारे रूळ ठराविक मापांत मांडले. त्यामुळे प्रथम थोडे रूळ घेऊन पुढे त्यांत भर घालणे शक्य झाले. अमेरिकेत जॉशुआ लायोनेल कोवेन यांनी १९०० साली न्यूयॉर्क येथे लायोनेल कंपनी स्थापन केली; त्यांची पहिली विजेची गाडी दुकानांच्या दर्शनी खिडक्यांसाठी होती. ‘मेकॅनो’चे जनक फ्रँक हॉर्नबी यांच्या लिव्हरपूल येथील कारखान्यातून १९२० मध्ये किल्लीच्या गाड्या बाहेर पडू लागल्या. सुरुवातीच्या मोठ्या मापाच्या गाड्यांना लहान घरे अपुरी पडत. १९२२ मध्ये बिंग या जर्मन कंपनीने सु. १६ मिमी. मापाची ‘टेबलावरील रेल्वे’ तयार केली, तर १९३५ मध्ये ट्रिक्स व मेर्कलीन यांनी याच सुमारच्या मापाच्या विजेच्या गाड्या बाजारात आणल्या. अमेरिकेतील नॅशनल मॉडेल रेलरोड ॲसोसिएशन (१९३५) आणि यूरोपीय छांदिष्टांच्या संस्थांचा ‘मोरोप’ हा महासंघ (१९५४) यांनी चाके, रूळ व जोडण्या यांची मानके ठरविल्याने निरनिराळ्या कारखान्यांचे डबे एकाच मार्गावर चालविणे सुकर झाले.

प्रमाण व रूळमाप : ‘प्रमाण’ म्हणजे मूळ वस्तू व प्रतिकृती यांच्या लांबींचे गुणोत्तर आणि ‘रूळमाप’ (गेज) म्हणजे दोन रुळांच्या आतील कडांमधील अंतर. या दोन संज्ञांची पुष्कळदा गल्लत होते. सर्वांत रूढ असलेल्या एचओ प्रकारात प्रमाण १ : ८७ व रूळमाप १६·५ मिमी. असते. १,४३५ मिमी. या प्रमाण मापाच्या मार्गाची ती प्रतिकृती आहे. एन प्रकारात रूळमाप ९ मिमी. व प्रमाण सामान्यतः १ : १६० असते, तर झेड प्रकारात (१९७२) ही मूल्ये अनुक्रमे ६·५ मिमी. व १ : २२० आहेत. ब्रिटनमधील एंजिने आकाराने लहान असल्यामुळे त्या काळची विद्युत् चलित्रे एचओ एंजिनांत बसत नसत. म्हणून तेथे एंजिनाचे प्रमाण वाढवून १ : ७६ करण्यात आले, परंतु रूळमाप १६·५ मिमी.च राहिले. परिणामतः ब्रिटिश प्रतिकृतींत रूळ असावयास हवेत त्यापेक्षा जवळजवळ येतात. हा दोष खपत नसलेले छांदिष्ट १८·८३ मिमी. मापाचे रूळ स्वतः घालतात.

भारतीय रेल्वेच्या प्रतिकृतींतही हाच प्रश्न उद्‌भवतो. १,६७६ मिमी. हे रुंद माप १ : ८७ प्रमाणात १९·३ मिमी. भरते, त्यामुळे तयार मिळणाऱ्या १६·५ मिमी. रुळांवर भारतीय डबा प्रमाणाबाहेर रुंद दिसतो. याउलट मीटर मापाला १२ मिमी. मापाचे रूळ जवळपास जुळतात, तर नेरळ-माथेरान (१९०७) यासारख्या ६१० मिमी. मापाच्या डोंगरी मार्गासाठी ६·५ मिमी. मापाचे रूळ चालू शकतात. माथेरानच्या मार्गावर मूळची वळणे तीव्र व गाड्या आखूड असल्याने असा विषय लहान जागेसाठीही सोयीचा ठरतो.

अंतराचा प्रश्न : १ : ८७ प्रमाणात एक किमी. अंतर सु. ११·५ मी. होते. सु. २१·३ मी. लांबीच्या १८ डब्यांची गाडी एंजिनाशिवाय ४·४ मी. लांब भरते, म्हणजे तिचा एक फलाटच सामान्य खोली व्यापून टाकील. भारतीय रुंदमापी मार्गावरील सर्वांत तीव्र वळणाची त्रिज्या १७५ मी. असते. ती प्रमाणात २ मी. होते आणि अर्धवर्तुळाकार वळणालाच ४ मी. रुंदी लागते. घरगुती संचांतील वळणांची त्रिज्या मात्र ३६ सेंमी.च्या आसपास असते. ताशी १०० किमी. वेगाची गाडी या प्रमाणात सेकंदाला सु. ३२ सेंमी. धावते आणि ४ मी.चा फेरा साडेबारा सेकंदांत पुरा करते. एकाच वर्तुळात फिरणाऱ्या गाडीचे कौतुक लवकर ओसरते ते यामुळेच. अनुभवी छांदिष्ट म्हणून मुख्य मार्गाचा थोडासा भाग निवडतात, गाडी पाच-सहा डब्यांची ठेवतात आणि वळणे डोंगर, पूल वा इमारती यांच्या आड लपवितात.

विद्युत् नियंत्रण : दोन रुळी पद्धतीत १२ व्होल्टपर्यंतचा एकदिश विद्युत् प्रवाह एका रुळातून एंजिनाच्या चलित्रात जाऊन दुसऱ्या रुळातून परत येतो. विद्युत् दाब बदलल्यास वेग आणि प्रवाहाची दिशा बदलल्यास गाडीची दिशा बदलते. या पद्धतीत मार्ग वळसा घेऊन स्वतःलाच येऊन मिळाल्यास डावा रूळ उजव्याला जोडला जाऊन शॉर्ट सर्किट होते. म्हणून अशा वळशात दोन्ही रूळ निरोधक जोडांनी तोडून तेवढ्या भागाला स्वतंत्र पुरवठा द्यावा लागतो. मेर्कलीनच्या पद्धतीत दोन्ही रूळ एकाच अग्राला जोडलेले असून दुसरे अग्र मधल्या खिळ्यांच्या रांगेत असल्याने ही अडचण येत नाही. जुन्या पद्धतीत एकाच विभागातील सर्व एंजिने एकदम चालू लागत, त्यामुळे मार्गाचे अनेक विभाग पाडून प्रत्येकास खटका बसवावा लागे. १९९० नंतरच्या दशकात मानकीकृत झालेल्या अंकीय नियंत्रणात रुळांना सतत पूर्ण दाब मिळतो व त्यातूनच आज्ञा पाठविल्या जातात. प्रत्येक एंजिनातील कोडवाचक आपल्या क्रमांकाची आज्ञा तेवढी पाळतो. त्यामुळे एकाच रुळावर दोन एंजिने स्वतंत्रपणे चालविता येतात. अर्थात त्यांची टक्करही होऊ शकते व दक्षतेची जबाबदारी चालकावर येते.

संचालन : अमेरिकन छांदिष्ट फ्रँक एलिसन यांनी १९४० नंतरच्या दशकात प्रतिकृती रेल्वेची तुलना नाटकाशी केली. मांडणी हा रंगमंच, गाड्या ही पात्रे आणि वेळापत्रक हे कथानक, असे त्यांचे प्रतिपादन होते. मालगाडीने कोणत्या कारखान्याकडे कोणती वाघीण पोचवावयाची हे पत्त्यांसारख्या चिठ्ठ्यांवर लिहून ठेवले, की प्रत्येक फेरीला निराळे काम मिळते. स्थानकांमधील अंतर आखूड असल्याने घड्याळही वेगाने चालवितात. सहापट वेगाच्या घड्याळावर २४ तासांचे वेळापत्रक ४ तासांत पुरे होते. अनेक जण मिळून खेळत असल्यास एक जण नियंत्रक, दुसरा स्थानक-प्रमुख व इतर चालक होतात.

मोठी जागा नसली तरी संचालनाचा आनंद घेता येतो, हे ब्रिटनमधील ॲलन राइट यांच्या ‘इंगलनुक’ या मांडणीवरून दिसते. तीत दोन सांधे व तीन बाजूमार्ग असतात. एका बाजूमार्गावर पाच व उरलेल्या दोहोंवर प्रत्येकी तीन वाघिणी मावतात, तर शंटिंगच्या मार्गावर एंजिन व तीन वाघिणी एवढीच जागा असते. आठ वाघिणींपैकी चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या पाच वाघिणी निघालेल्या क्रमानेच लावावयाच्या असतात. असे ६,७२० क्रम संभवतात. ही संपूर्ण मांडणी सु. सव्वा मी. लांब व ३० सेंमी. रुंद फळीवर बसते.

बांधणी व निगा : चौकट प्लायवुडची व आडव्या पट्ट्यांनी मजबूत केलेली असावी. आवाज कमी व्हावा म्हणून रुळांखाली बुचाचा थर देतात. रुळांसाठी तांबे, निकेल व जस्त यांची मिश्रधातू (जर्मन सिल्व्हर) पसंत करतात, पोलाद गंजते. कोकणासारख्या दमट हवेत लाकूड फुगून रूळ उचलले जातात, म्हणून लाकडाला सर्व बाजूंनी रंग अथवा रोगण लावणे इष्ट असते. गाडी अडखळण्याची कारणे बहुधा धूळ व चाकांवरील तेलकट थर ही असतात. ती आयसोप्रोपिल अल्कोहॉलने पुसून काढतात. रोहित्राचा २३० व्होल्टचा भाग मुलांनी उघडू नये.

प्रदर्शने : हँबर्ग येथे २००१ साली सुरू झालेले ‘मिनिआटूर वुंडरलांड’ हे एचओ प्रमाणातील प्रचंड संगणक-नियंत्रित प्रदर्शन प्रसिद्ध आहे. पुण्यात कोथरूड येथे भाऊ जोशी यांनी वैयक्तिक छंदातून उभारलेले लघुरेल्वे संग्रहालय १९९८ मध्ये लोकांसाठी खुले झाले. कॅलिफोर्नियातील जॉन ॲलन यांची घराच्या तळघरात बांधलेली सुविख्यात मांडणी १९७३ मध्ये त्यांच्या मृत्यूनंतर थोड्याच दिवसांत आगीत नष्ट झाली. तिची छायाचित्रे व ॲलन यांनी रचलेली शंटिंगची कोडी मात्र टिकून राहिली. घरगुती मांडणी सहसा पुरी होत नाही व फार काळ टिकतही नाही. तथापि लाकूडकाम, विद्युत् जोडणी, चित्रकला व वेळापत्रकाची आखणी यांचा एकत्रित अभ्यास घडविणारे आणि कुटुंबातील लहानथोरांना एकाच कामात गुंतविणारे असे छंद थोडेच आहेत.